बोटाचा भाव ठरलाय, शिकवण्याचं काय?

माणसाच्या बोटाचा हिशेब कायद्यात लिहिलेला आहे. कायद्याला जोडलेल्या तक्त्यानुसार अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असं धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, तिचं एक पेर गेलं तर 9, हाड शाबूत राहून नुसतं टोक तुटलं तर 5. एका हाताची चारही बोटं गेली तर 50.

असा तक्ता हवाच. तो नसता तर कामगाराला प्रत्येक पेरासाठी वेगळं भांडावं लागलं असतं. पण बोट गेल्यावर काय द्यायचं हे पेरापेरापर्यंत ठरलेलं असताना, बोट जाऊ नये म्हणून काय शिकवायचं हे मात्र कित्येक शेडमध्ये तीन शब्दांत आटोपतं: "संभाळून काम कर."

हा प्रश्न आपल्या मोहल्ल्याच्या अगदी जवळचा आहे. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवून दिलं होतं की पगारी, सुरक्षित नोकऱ्यांत मुस्लिम कमी आहेत आणि स्वयंरोजगारात, असंघटित कामात जास्त. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, मुंब्रा-कुर्ल्यातले छोटे कारखाने, भोसरी-चाकणच्या मोठ्या गाड्यांना सुटे भाग पुरवणारे शेड, अशा ठिकाणी आपली मुलं दहावी-बारावीनंतर, कधी त्याआधीच, "काम शिकायला" जातात. उस्ताद मशीन चालवायला शिकवतो, वेग वाढवायला शिकवतो. मशीन थांबवायचं कसं आणि कधी, हे शिकवणं त्याच्या कामात कुणी धरलेलंच नसतं. त्यालाही ते कुणी शिकवलेलं नसतं.

पॉवर प्रेसचं उदाहरण घेऊ. कामगार पत्रा डायमध्ये ठेवतो, हात काढतो, पॅडल दाबतो, वरचा भाग खाली येतो. हेच एका पाळीत हजारो वेळा. बऱ्याच जुन्या प्रेसमध्ये एकदा दाब सुटला की तो अर्ध्यात थांबत नाही. क्लचची चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पॅडल एकदाच दाबूनही प्रेस दुसऱ्यांदा खाली येते. त्या क्षणी हात आत असेल तर कामगार किती सावध आहे याने काही फरक पडत नाही. अशा प्रेसवर नुसता सेन्सर लावूनही भागत नाही, कारण सेन्सरने सांगितलं तरी ती मध्येच थांबू शकत नाही. हात आत जाऊच शकणार नाही असा गार्ड लागतो, पत्रा ठेवायला चिमटा लागतो, आणि क्लचची नियमित तपासणी लागते.

वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. हरियाणा आणि महाराष्ट्रातले जखमी कामगार त्यांत आहेत. बोटं चिरडली जाण्याचं मोठं कारण पॉवर प्रेस, जखमींत स्थलांतरित कामगारांचं प्रमाण मोठं, आणि अनेकांच्या हाती ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावरच पडलं, असं हे अहवाल सांगतात. वास्तविक कामावर असताना झालेल्या अपघातासाठी ईएसआयचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतं.

म्हणून प्रशिक्षणाची मागणी करताना एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. सुरक्षिततेच्या शास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी धोका काढून टाका, नाहीतर कमी धोक्याची पद्धत आणा, मग यंत्रातच अडथळा बसवा, त्यानंतर प्रशिक्षण आणि नियम, आणि सर्वांत शेवटी हातमोजे-हेल्मेट. म्हणजे प्रशिक्षण चौथ्या पायरीवर आहे. गार्ड काढून ठेवलेल्या प्रेससमोर मुलाला उभं करून "सावध राहा" सांगणं हे प्रशिक्षण नव्हे, ती मालकाची जबाबदारी मुलाच्या डोक्यावर टाकणं आहे. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो तेव्हा माणूस कधीतरी चुकीचं बटण दाबणारच असं धरून रचना करतो. तिथे फार तर फाइल पुसली जाते. इथे हात जातो, तरी रचनेऐवजी माणसालाच दोष दिला जातो.

मग खरं प्रशिक्षण कशाला म्हणायचं? चार गोष्टी पुरेशा आहेत. या मशीनने आजवर माणसाला कुठे कुठे इजा केली आहे, हे मशीनसमोर उभं राहून दाखवणं. आणीबाणीचं बटण आणि मेन स्विच कुठे आहे, हे कामगाराकडून दाबून घेणं. अडकलेला पत्रा किंवा तुटलेला धागा काढताना, साफसफाई करताना मशीन पूर्ण बंद करणं, आणि दुरुस्तीच्या वेळी स्विचला कुलूप लावून चावी दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवणं. आणि चौथी, सगळ्यांत अवघड: गार्ड नसेल तर "मी हे चालवणार नाही" असं म्हणता येणं. हे सगळं कामगाराला समजणाऱ्या भाषेत हवं. इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन आणि 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ देऊन ते होत नाही.

यातलं काहीही खैरात नाही. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षिततेची माहिती व प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. आता त्या कायद्याची जागा 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता घेते. माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे मालकाचं कर्तव्य तिच्यातही आहे. गंभीर धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. पण वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी 1948 च्या कायद्यात 10 कामगार पुरेसे होते, संहितेत 20 लागतात. दहा-बारा जणांचा शेड या व्याख्येबाहेर राहतो, आणि आपली मुलं नेमकी तिथेच असतात.

कायदा जिथे पोहोचत नाही तिथे आपण "नसीब" म्हणून मोकळे होतो. पण आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. शरीर ही अमानत आहे असंही आपण मानतो. मग गार्ड न लावलेली प्रेस म्हणजे न बांधलेला उंटच. तिने हात घेतला तर त्याला तवक्कुल म्हणता येणार नाही, तो हलगर्जीपणा आहे.

आणि हे फक्त मालकाविरुद्धचं भांडण नाही, कारण कित्येक छोटे मालकही आपल्यातलेच आहेत. 18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कामगार होते, मालक होते, मालकाच्या घरातलं एक लहान मूलही होतं. धुराने मालक-कामगार असा भेद केला नाही. बाहेर पडायची दुसरी वाट, तिच्यापुढे न रचलेला माल आणि आगीच्या वेळी काय करायचं याचा सराव, या गोष्टी दोघांनाही तितक्याच लागतात.

आपल्यापैकी जे शिकले, इंजिनिअर झाले, आयटीआयमधून निघाले, त्यांनी इथे कामाला यायला हवं. मोहल्ल्यातल्या शेडची यादी करा. जमातच्या, तंझीमच्या बैठकीत शिष्यवृत्तीइतकाच वेळ या विषयाला द्या. प्रत्येक मशीनसाठी मराठीत आणि उर्दूत दोन मिनिटांचा व्हिडिओ बनवा, तोही त्याच शेडमध्ये, त्याच उस्तादाकडून. मालकाला गार्डचा खर्च सांगताना एका अपघाताचा खर्चही मांडून दाखवा. कामावर जाणाऱ्या मुलाला ईएसआयचा नंबर पहिल्याच आठवड्यात मागायला शिकवा. शेड ऐकतच नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा, आणि ती एकट्या मुलाच्या नावाने नको, संघटनेच्या नावाने करा. एकट्याची नोकरी जाते, संघटनेची जात नाही.

मुलगा कामाला लागला की घरात पहिला प्रश्न असतो, "पगार किती?" यापुढे त्याला आणखी एक प्रश्न विचारू या: "मशीन बंद कसं करायचं, ते दाखवलं का?"