‘अ‍ॅनएरोबिक’ला घाबरायचं कशाला?

मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला आलं की पहिल्या महिन्यातच अनेकांना वाटायला लागतं, ‘आपलं इंग्लिश कच्चं आहे.’ मग वर्गात हात वर जात नाही. डाउट तसाच राहतो. पण ज्या शब्दांमुळे ही धास्ती बसते, त्यातले कितीतरी मुळात इंग्रजी नसतातच!

‘अ‍ॅनएरोबिक’चंच घ्या. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये ग्रीक तुकडे जोडून तो फ्रेंचमध्ये घडवला, इंग्रजीने नंतर उचलला. ‘अ‍ॅन’ म्हणजे विना, ‘एर’ म्हणजे हवा, ‘बायोस’ म्हणजे जीवन. हवेविना जगणारा. लंडनच्या मुलालाही हा शब्द शाळेत शिकावाच लागतो.

खरी गंमत तर पुढे आहे. हा ‘अ‍ॅन’ म्हणजे आपल्या ‘अनादर’मधल्या ‘अन्’चा सख्खा भाऊ. नियमसुद्धा तोच. पुढे स्वर आला तर ‘अन्’, व्यंजन आलं तर नुसता ‘अ’. आपल्याकडे अनादर पण अज्ञान, तिकडे अ‍ॅनएरोबिक पण एबायोटिक. ‘बायोस’ आणि आपला ‘जीव’ हेही एकाच मुळाचे. (म्हणून ग्रीक भाषा संस्कृतातून निघाली, असे फॉरवर्ड फिरवू नका. दोघी एकाच जुन्या भाषेच्या लेकी.)

ही फोड कळली की अँटिबायोटिक, सिम्बायोसिस हे शब्दही ओळखीचे वाटू लागतात. गावाकडच्या गोबरगॅसची टाकी हवाबंद का, याचं उत्तरही इथेच सापडतं. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन सोसत नाही.

त्यामुळे धडा सुरू करताना सर-मॅडमनी पाच मिनिटं तरी फळ्यावर शब्द फोडून दाखवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सिलॅबस संपत नाही’ ही सबब पटत नाही. न समजता घोकण्यात पोरांचा याहून जास्त वेळ जातो.

अर्थात, फोड केली की विषय आलाच असं नाही. ‘एर’ म्हणजे हवा खरी, पण हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि या सूक्ष्मजीवांचं वाकडं आहे ते ऑक्सिजनशी. ‘किती जड मराठी!’ म्हणत आपण ज्याला हसतो, तो पाठ्यपुस्तकातला ‘विनॉक्सिश्वसन’ इथे ग्रीकपेक्षा नेमका आहे. तो थेट ऑक्सिजनचंच नाव घेतो.