शिक्षेचे माप आणि आईबापांचा हक्क

बेदरकार वाहनाखाली ज्यांचे मूल गेले, त्या आईबापांना कोणतीही शिक्षा अपुरीच वाटणार, असे म्हणून त्यांच्या तक्रारीची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. शोक हा न्यायाचा मापदंड होऊ शकत नाही, हे खरेच. परंतु या आईबापांचे म्हणणे केवळ शोकाचे नसते. आपल्या मुलाच्या मृत्यूचे मोल कायद्याने कोणत्या मापाने ठरविले, असा त्यांचा सवाल असतो आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही.

हयगयीने मृत्यू घडविण्याच्या गुन्ह्याचे कलम 304-अ भारतीय दंड संहितेत 1870 मध्ये आले. कमाल शिक्षा दोन वर्षे. त्या काळी या देशात मोटार नव्हती. पुढे मोटारी आल्या, महामार्ग झाले, 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. तरी ती मर्यादा हलली नाही. 1 जुलै 2024 रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षांवर नेली. अपघाताची वर्दी न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद देण्याची तरतूद मात्र मालमोटार चालकांच्या आंदोलनानंतर बाजूला ठेवण्यात आली.

तथापि कमाल मर्यादा वाढविली की न्याय झाला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. नोव्हेंबर 2006 मध्ये मुंबईत कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सातजण मोटारीखाली सापडून मरण पावले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने तोच प्रकार सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे दिली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घटना एकच, शिक्षा सहापट! पंजाबातील 2007 च्या एका अपघातात दोघे मरण पावले. तेथे एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयाने भरपाईकडे पाहून भोगलेल्या 24 दिवसांवर आणली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि कलम 304-अ चा फेरविचार करण्यास विधिकर्त्यांना सुचविले.

अशा वेळी आईबापांनी काय करावे? 2009 च्या दुरुस्तीने पीडितांना अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, सौम्य गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर त्यांना दाद मागता येते. शिक्षा अपुरी वाटली तर मात्र नाही; तो अधिकार शासनाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच स्पष्ट केले आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही हीच व्यवस्था कायम ठेवली. म्हणजे पैसे कमी मिळाले असे म्हणण्यास आईबाप मुखत्यार; कैद कमी झाली असे म्हणण्यास नव्हेत. ज्यांना पैसा नकोच आहे, त्यांच्यापुढे कायदा पैशाचाच दरवाजा उघडतो.

यावर आक्षेप असा की, शोकाला न्यायालयात वाव दिला तर शिक्षेचा सूड होईल. ज्याचे आप्त अधिक आक्रोश करतील, त्याच्या मृत्यूला अधिक मोल येईल. आक्षेप वजनदार आहे. परंतु अपील करणे म्हणजे शिक्षा ठरविणे नव्हे. वरिष्ठ न्यायालय कारणे तपासूनच निर्णय देणार. चालक नशेत होता काय, पळून गेला काय, हेच तेथे पाहिले जाणार. शिक्षेबाबत निश्चित मार्गदर्शक सूत्रे असावीत, असे न्या. मळिमठ समितीने 2003 मध्येच सांगितले होते. सूत्रे असती, तर आईबापांना आक्रोश करावा लागला नसता. सूत्राकडे बोट दाखविणे पुरले असते.

पाच वर्षे की दहा, हा वाद चालत राहील. तोवर अपिलाच्या तरतुदीत ‘अपुरी शिक्षा’ हे दोन शब्द घालण्यास संसदेला कोणतीही अडचण नसावी. मूल त्याने परत येणार नाही, हे आईबाप जाणतातच. आपले म्हणणे ऐकून घेतले गेले, एवढे तरी त्यांना म्हणता यावे.