विश्लेषण : प्रयोगशाळेत घडवलेल्या रोगप्रतिकारक पेशींवर किती भरवसा ठेवावा?

मानवी पेशीच का?
मार्च २००६ मध्ये लंडन येथे ‘टीजीएन १४१२’ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना देण्यात आले. माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा ५०० पट कमी होती. तरीही काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्व जण वाचले. माणसाच्या टी पेशी माकडांपेक्षा वेगळ्या वागल्या होत्या.

पेशी कशा घडवतात?
प्रसूतीनंतर नाळेतील रक्तातून ‘सीडी ३४’ ही खूण असलेल्या मूलपेशी वेगळ्या काढतात. ३७ अंश सेल्सिअस तापमानात त्यांना सायटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने पुरवली जातात. संदेश बदलला की पेशीची वाट बदलते. ‘आयएल १५’मुळे ती एनके पेशी होण्याकडे वळते, तर ‘नॉच’ संकेतामुळे टी पेशी होण्याकडे. याला काही आठवडे लागतात.

मर्यादा काय?
या पेशी मानवी असल्या तरी नवख्या असतात. त्यांनी एकाही जंतूशी सामना केलेला नसतो. लंडनमधील अनर्थ मात्र आधीच्या संसर्गांची ‘स्मृती’ असलेल्या टी पेशींमुळे घडला, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. म्हणूनच नवख्या पेशींवर औषध निर्धोक दिसले, तरी प्रौढ दात्यांच्या रक्तातील अनुभवी पेशींवरही ते तपासावे लागते.