एक रुपयात विमान?

१ एप्रिल २०१४ रोजी स्पाइसजेटने एक रुपया भाड्याची जाहिरात केली. ही कंपनी तेव्हा चेन्नईच्या कलानिधी मारन यांच्या ताब्यात होती. भाडे एक रुपया, पण कर आणि शुल्के वेगळी! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती योजना लगेच बंद करायला लावली.

योजना गेली, युक्ती मात्र उरली. चौघांचे कुटुंब स्वस्त भाडे पाहून चेन्नईची तिकिटे काढायला बसते. मग आसन, सामान, विमा अशी भर पडत शेवटी आकडा फुगतो. २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शुल्क आधी लपवणे किंवा न विचारता विमा जोडणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एकूण रक्कम तपासावी, नको त्या खुणा काढाव्यात. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.