परक्याच्या मदतीवाचून

आमच्या अंबडच्या घरी गेले दोन महिने रात्रीच्या पंगतीत जर्मन भाषेने शिरकाव केला आहे. आमचा पुतण्या येथील औद्योगिक वसाहतीतील एका कचेरीत संकेतस्थळे तपासण्याचे काम करितो. गिऱ्हाईक जर्मन, तेव्हा दोष कळवावयाचे तेही त्यांच्याच भाषेत. त्यामुळे आमटीच्या भुरक्याबरोबर 'दी शाल्टफ्लेशे हाट काइनेन नामेन' हे वाक्य आम्हांस रोज ऐकावे लागते. अर्थ इतकाच, की ह्या बटनास नाव नाही. डोळस माणसास बटनावरील चित्र दिसते. अंधास पडदा वाचून दाखविणारी प्रणाली मात्र नाव नसले की नुसते 'बटन, बटन' म्हणत राहते.

ह्या खटाटोपाचे कारण जर्मनीत २८ जून २०२५ पासून लागू झालेला कायदा. त्याचे नाव एकाच शब्दाचे, पण त्यांच्या लिपीत ३२ अक्षरांचे आहे. संस्कृत समासांस हसणाऱ्यांनी ते एकदा अवश्य पाहावे! ग्राहकांसाठी असलेले बँकेचे व्यवहार, संकेतस्थळांवरील दुकाने वगैरे अपंगांसही वापरता आली पाहिजेत, असा त्याचा आशय.

भाषा म्हणून आम्हांस गोडी वाटली ती एका सहायक क्रियापदाची. 'इस्ट बेहिंडर्ट' म्हणजे अपंग आहे. 'वीर्ड बेहिंडर्ट' म्हणजे अडविला जातो. मूळ शब्द तोच, पण एवढ्या फरकाने दोष माणसाच्या डोळ्यांतून उठून त्या निनावी बटनावर जाऊन बसतो.

परवा पुतण्या आणखी एक शब्दसमूह घोकीत होता: 'ओने फ्रेम्डे हिल्फे', परक्याच्या मदतीवाचून. सुगम्यतेची जी व्याख्या जर्मन कायद्याने २००२ साली केली, तीत हे शब्द आहेत. वस्तू नेहमीच्या रीतीने, विशेष अडचणीवाचून आणि तत्त्वतः परक्याच्या मदतीवाचून वापरता यावी. आमच्या काकांचे वय ८१. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे. ते म्हणाले, "फ्रेम्डे म्हणजे परका ना? मग आमची सूनबाई परकी की काय?" सगळे हसले. हसणे ओसरल्यावर काका हळूच म्हणाले, "माझे निवृत्तिवेतन जमा झाले, हे घरात सर्वांच्या मागून मला कळते."

आम्ही वरमलो. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांचे काही अडत नाही, असा आमचा अभिमान होता. परंतु गेल्या भाऊबीजेस काकांस बहिणीला ओवाळणी पाठवावयाची होती. ती किती, हे चौघांस कळले, आणि दोघांनी तर मतही दिले!

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. ओळख पटविण्यासाठी डोळे मिचकावून दाखवा, ही अट ॲसिडहल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्यांनी कशी पुरी करावी? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असल्या सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला.

पुतण्याने ते जर्मन वाक्य मराठीत करून दिले, आणि काकांनी तेच आपल्या बँकेस लिहून धाडले आहे: तिसऱ्या बटनास नाव नाही. उत्तर अजून यावयाचे आहे. तोवर ते बटन पुतण्या दाबतो, आणि प्रणाली काकांच्या कानात रक्कम सांगत असता तोंड भिंतीकडे करून उभा राहतो.