गौतमीची मोहरी आणि गटारातला मृत्यू

'मृत्यू अटळ आहे, शेवटी सगळे सारखेच मरतात, मग जगताना कशाला भांडायचे?' हे तत्त्वज्ञान कीर्तनात आणि टीव्हीवरच्या बुवांच्या प्रवचनात तर असतेच, पण अलीकडे आपल्याही काही विहारांत ते 'अनित्यता' या नावाने ऐकू येऊ लागले आहे. आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे.

किसा गौतमीची कथा सर्वांना माहीत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला तथागतांनी सांगितले की, ज्या घरात कधी कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरली. मोहरी घरोघरी होती, पण मृत्यू न पाहिलेले घर एकही नव्हते. तथागतांनी तिला स्वर्गाचे आमिष दाखवले नाही, तर स्वतः फिरून सत्य शोधायला लावले.

आता तीच चौकशी आजच्या शहरात करू. ज्या घरातला माणूस गटारात गुदमरून मेला नाही, त्या घरातून मोहरी आणा! सोसायट्यांत, बंगल्यांत पोत्याने मोहरी मिळेल. हात रिकामे राहतील ते फक्त सफाई कामगारांच्या वस्त्यांत, आणि त्या वस्त्या कोणत्या जातींच्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणजे मृत्यू दोन आहेत. एक निसर्गाचा, जो प्रत्येक घरात येतो. दुसरा व्यवस्थेचा, जो घराची जात बघून येतो. पहिल्यासमोर शांत राहणे हे शहाणपण आहे. दुसऱ्यासमोर शांत राहणे ही गुलामी आहे. या दोन्हींना एकच नाव देणे हीच ब्राह्मणवादाची जुनी चलाखी आहे.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती 30 लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, कारण मरणे थांबलेले नाही. तरीही लोक हळहळून म्हणतात, 'त्याचे नशीब!'

हे नशीब आले कुठून? छांदोग्य उपनिषद सांगते की चांगल्या आचरणाने ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनी मिळते आणि वाईट आचरणाने कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची. म्हणजे जन्म हीच शिक्षा आणि मरण हीच सुटका! मग गटारातल्या मृत्यूचा जाब ठेकेदाराला कोण विचारणार? गरीब आणि पददलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, यापलीकडे गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे.

काही जण विचारतात, बुद्धाने पुनर्जन्म सांगितलाच ना? बाबासाहेबांचे उत्तर स्वच्छ आहे. देह ज्या पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा बनतो ते पुन्हा निसर्गात मिसळतात. आत्मा नाही, त्यामुळे मागच्या जन्माची पापे घेऊन कोणीही झोपडीत जन्माला येत नाही.

याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब आणखी एक प्रश्न विचारतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले म्हणे. पण 29 वर्षांच्या माणसाने त्याआधी कधीच मृत्यू पाहिला नव्हता, हे पटते का? म्हणून ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत उभ्या राहिलेल्या युद्धाकडे बोट दाखवतात. धम्माचे मूळ मरणाच्या भीतीत नाही, माणसामाणसांतल्या संघर्षात आहे.

मित्रांनो, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही आपल्या काही घरांत दहाव्याला कावळ्याची वाट पाहिली जाते. ते थांबवा. पुण्यानुमोदनाला त्रिसरण-पंचशील जरूर घ्या, पण त्याच सभेत विचारा : हा माणूस कशाने मेला? टाळता आले असते का? जबाबदार कोण? म्हातारपणाने गेला असेल तर कृतज्ञतेने निरोप द्या. व्यवस्थेने मारला असेल तर सभेतून उठून थेट पोलीस ठाण्यात जा आणि गुन्हा नोंदवल्याशिवाय परतू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!