विश्लेषण : मणक्याचे ऑपरेशन ‘यशस्वी’, तरी चालता का येत नाही?

मणक्याचे ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग, चालायला लागलात ना?’ बहुतेकजण ‘हो’ म्हणू शकतात. काहींचा वॉकर, काठी किंवा व्हीलचेअर मात्र कायमची राहते. कागदावर ऑपरेशन यशस्वी असते, आणि ते खोटेही नसते. घरच्यांचा गोंधळ उडतो तो इथेच.

‘यशस्वी’ म्हणजे नेमके काय?

सरकलेली चकती, गाठ, मणक्याचा क्षयरोग किंवा अरुंद झालेली नळी यांमुळे मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब येतो. सर्जन तो दाब काढतो, गरज असेल तर स्क्रू-रॉड बसवून मणके स्थिर करतो. दबून निकामी झालेला भाग मात्र ऑपरेशनने परत मिळतोच असे नाही. मानेत मज्जारज्जू दीर्घकाळ दबला असेल, तर त्रास आणखी वाढू नये हाच ऑपरेशनचा मुख्य हेतू असतो. संमतीपत्रावर सही घेताना ही गोष्ट घरच्यांपर्यंत पोहोचतेच असे नाही.

वेळही महत्त्वाची. लघवी अडकणे, जांघ आणि बैठकीचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे लागते. मालिश करण्यात गेलेला आठवडा नंतर भरून निघत नाही.

मागे राहणारे अपंगत्व नेहमी डोळ्यांना दिसेल असेही नसते. ‘फूट ड्रॉप’मध्ये पाऊल वर उचलले जात नाही; चपला पायातून निसटतात आणि बधिरपणामुळे कळतही नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर तीन तासांचा प्रवासही नको वाटतो. याबद्दल घरातही बोलले जात नाही.

ऑपरेशननंतर पैसे कोण देतो?

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपुरता. खासगी विमा पॉलिसीत ही मुदत साधारण ६० ते ९० दिवस असते. नसांची सुधारणा मात्र अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ चालते. फिजिओथेरपी, पायाचा स्प्लिंट, कॅथेटर, घरातला कमोड हा सगळा खर्च त्यानंतर घरावर येतो. ऑपरेशनला पैसे आहेत आणि चालायला शिकवायला नाहीत, हा हिशेब उलटा आहे.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. मदत खरी आहे, पण शहरात त्यात घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या मोजक्याच भेटी होतात.

४० टक्क्यांची रेषा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार नोकरीतील आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. एका पायाचा फूट ड्रॉप असलेली व्यक्ती या रेषेखाली राहू शकते. अशा माणसाला बसमध्ये कोणी जागा देत नाही, कारण तो ‘धडधाकट’ दिसतो.

याच कायद्यातले कलम २०(४) अनेकांना ठाऊक नसते. नोकरीत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापना कर्मचाऱ्याला काढू शकत नाही, त्याचा हुद्दाही कमी करू शकत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. पद रिकामे नसेल तर जादा पद निर्माण करून. खासगी कंपन्यांना मात्र हे कलम लागू नाही.

पायरी आणि न्यायालय

अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे कायदा सांगतो. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये, दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या २००५ पासूनच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मूळ दुखण्यावर बोट ठेवले. सुगमतेची मानके ठरवणारा नियम १५(१) केवळ शिफारशीसारखा असल्याने कायद्याशी विसंगत ठरला, आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक मानके आखण्यास सांगण्यात आले.

दीपा मलिक यांच्यावर १९९९ मध्ये मणक्यातील गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालचे शरीर लुळे पडले. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकून त्या पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांचे व्हिडिओ कौतुकाने शेअर होतात, व्हायलाच हवेत. पण ऑपरेशननंतर काठी घेऊन तहसील कार्यालयाचा जिना चढणाऱ्याला ‘त्यांना जमले, तुम्हाला का नाही?’ असे विचारणे वेगळे. त्याला एसटीत तिकिटाची सवलत मिळते. बसची पहिली पायरी मात्र त्याच्या गुडघ्यापर्यंत येते.